स्वॅब नाकारला, असं लिहून द्या

"तुझ्या घरी नळाला पाणी येतं का गं?"

केसपेपरवरचा पत्ता वाचून डॉक्टरांनी मला हे विचारलं. पत्ता भिंगारचा, बुद्धविहारामागची गल्ली. बाकावर सहा बायका होत्या. दोघी हसल्या. मी शाळेत गणित शिकवत होते, पस्तिसावा आठवडा चालू होता आणि मी फक्त एक तपासणी मागितली होती.

माझा पहिला मुलगा एकतीस तास जगला. त्याच्या रक्तात जो जंतू सापडला, तो आईच्या योनीमार्गात असतो. तिला काही त्रास नसतो. बाळंतपणात तो बाळाला लागतो. सरकारी दवाखान्यातल्या मुलांच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, पुढच्या खेपेला दिवस भरत आले की स्वॅब घ्यायला लावा, कळा सुरू होताच पेनिसिलीन. मुलाचा तो रिपोर्ट मी टेबलावर ठेवला. या डॉक्टरांनी तो दोन बोटांनी परत सरकवला.

"जंतू घाणीत होतात. धुवून-पुसून राहत जा. स्वॅबबिब हे अमेरिकेचे लाड आहेत."

मी मान खाली घालून घरी आले. त्या खाली घातलेल्या मानेची लाज आजही वाटते.

पुढच्या आठवड्यात माझ्या आधी आत एक बाई होती. अमेरिकेहून माहेरी बाळंतपणाला आलेली. तिकडच्या डॉक्टरची चिठ्ठी होती म्हणून तिचा स्वॅब घेतला होता. पडद्याआडून सगळं ऐकू येत होतं.

"तुम्ही अजिबात काळजी करू नका, ताई. जंतू निघालाय, पण तो कुणाच्याही अंगात असतो. स्वच्छतेचा काही संबंध नाही."

सात दिवसांत विज्ञान बदललं होतं.

माझा नंबर आला. मागच्या वेळेसारखी उभी न राहता मी खुर्चीत बसले. "डॉक्टर, त्या ताईंच्या घरी नळाला पाणी येतं का?"

पारनेरहून आलेल्या सासूबाईंनी माझा दंड धरला. "गप बस गं. मोठा मानूस हाय त्यो."

"मोठा असेल तर सही करेल," मी म्हणाले. "स्वॅब घ्या. नाहीतर मागूनही नाकारला, असं केसपेपरवर लिहून द्या. तारीख घाला."

एवढा शिकलेला माणूस. एक ओळ लिहायला घाबरला. मुकाट्याने स्वॅब घेतला. जंतू निघाला. कळांत पेनिसिलीनचे तीन डोस मिळाले, चार-चार तासांनी. वेळा मी स्वतः घड्याळात बघितल्या. मुलगी जगली. त्यांचे आभार मी मानले नाहीत, मानणारही नाही.

तेव्हापासून आमच्या गल्लीतली बाई दिवस भरत आले की त्या दवाखान्यात एकटी जात नाही. मी सोबत जाते. खुर्ची ओढून तिला बसवते, तपासणी मागते. नाही म्हटलं तर पेन पुढे करते. सही मिळेपर्यंत आम्ही दोघी उठत नाही.