भाभींच्या हातचे फंदे

विणकामाला हल्ली छंद म्हणतात. मला त्या शब्दाचा उगाचच राग येतो. परवा भाची म्हणाली, "मावशी, विणल्याने मन शांत होतं म्हणे." मी म्हटलं, विणून बघ आणि मग सांग. तीन दिवसांनी तिने लोकरीचा गुंता माझ्या मांडीत आणून टाकला आणि दुकानातून तयार स्वेटर घेऊन मन शांत केलं.

मी स्वतः बरी विणते. कड सरळ येते, बाही खांद्यात नीट बसते, आणि कुणी नावाजलं तर मी नम्रपणाचं नाटक करत नाही. पण ज्यांनी हे काम आमच्या घरात आणलं त्यांच्यासमोर मी आयुष्यभर कच्चीच राहिले असते. त्या भोपाळला, बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये आमच्या डोक्यावर राहायच्या. सगळा ब्लॉक त्यांना भाभी म्हणायचा, म्हणून आम्ही मुलंही भाभीच म्हणायचो.

वडील कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. बनून आलेल्या भागाची जाडी केसाएवढी जरी चुकली तरी तो परत पाठवायचा, हे त्यांचं काम. आई नागपूरची. तिच्या माहेरी थंडी म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे आठ दिवस शाल गुंडाळायची, एवढंच. विणायची सुई तिने हातात धरलीच नव्हती. बरखेड्यात मात्र दिवाळीचा फराळ संपला की अकराच्या उन्हात सगळ्या बायका क्वार्टरमागच्या मैदानात खाटा टाकून बसायच्या, आणि प्रत्येकीच्या मांडीवर काहीतरी वाढत असायचं. आई पहिल्या वर्षी तिथे मटार सोलत बसायची, कारण रिकाम्या हाताने बसायची तिला लाज वाटे. दुसऱ्या वर्षी भाभींनी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि सुया दिल्या.

भाभींचं विणणं मी तासन् तास बघितलं आहे. त्या सुयांकडे बघायच्या नाहीत. बोलायच्या, दुधवाल्याशी हुज्जत घालायच्या, आणि खाली बोटं आपली चालूच. कुणाच्या विणीत दहा ओळींपूर्वी एक टाका चुकलेला असला तर त्या नुसतं बोट फिरवून सांगायच्या, "यहाँ गिरा है." माप घ्यायला टेप नव्हती. मुलाला पाठमोरं उभं करायचं, दोन विती आणि चार बोटं, झालं. बाजारात जाताना बसमध्ये पुढच्या बाईच्या पाठीवर नवी नक्षी दिसली की उतरेपर्यंत त्यांच्या डोळ्यांत ती उतरलेली असायची. एकदा उतरायचा स्टॉप मागे पडला तरी त्या हलल्या नाहीत, कारण एक फूल अजून पुरं कळलं नव्हतं. गेल्या वर्षीचा स्वेटर आखूड झाला की उसवून, लोकर धुऊन, वाळवून, नव्या रंगाची पट्टी घालून तो पुन्हा अंगाला आणायच्या. माझा एकच हिरवा स्वेटर चार हिवाळे माझ्याबरोबर वाढला, तो त्यांच्यामुळे.

सुईवर पहिले टाके घालतात त्यांना तिथे फंदे म्हणत, आणि आमच्या मराठीतही तोच शब्द बसला. या फंद्यांची त्या ब्लॉकमध्ये एक रीत होती. बाळाच्या पहिल्या स्वेटरचे फंदे भरल्या घरच्या बाईने घालायचे. जिची मुलं जिवंत आणि धडधाकट आहेत, तिने. पुढचं कुणीही विणावं. आमच्याकडे हा मान समोरच्या ब्लॉकमधल्या, चार मुलं असलेल्या चाचींचा होता. चाचींची कड इतकी सैल यायची की स्वेटर खालून झालरीसारखा फाके, पण तो मान त्यांचाच.

भाभींची दोन मुलं झाली होती आणि दोन्ही महिन्याच्या आत गेली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. आईला मुलं गेल्याचं ठाऊक होतं, रीत ठाऊक नव्हती.

मी दुसरीत होते तेव्हा आईला पुन्हा दिवस गेले. माझ्या पाठीवर सात वर्षांनी. थंडीच्या सुरुवातीला तिने फिकट पिवळी लोकर आणली आणि भर उन्हात, सात-आठ बायकांसमोर, भाभींपुढे धरली. "भाभी, फंदे आप डाल दो."

सगळ्यांच्या सुया थांबल्या. मी खाटेच्या पायाशी बसले होते आणि मला तो आवाज बंद झालेला अजून आठवतो. मग चाची म्हणाल्या, "लाओ, मैं डाल देती हूँ. तुम नागपुरवालों को मालूम नहीं होगा."

"क्या मालूम नहीं?" आईने विचारलं. शेवटी भाभीच म्हणाल्या, "चाची से डलवा लो. उनका हाथ अच्छा है." आणि त्या स्वतःच्या विणीकडे बघू लागल्या, जे त्या कधी करत नसत.

त्या संध्याकाळी शेजारच्या एका बाईने मागच्या दाराने येऊन आईला सगळं समजावलं. दोन दिवस आईने लोकरीला हात लावला नाही. ती काही मोठी सुधारक वगैरे नव्हती. मांजर आडवं गेलं तर थांबणारी बाई. पण तिसऱ्या दिवशी तिने लोकर उचलली, माझा हात धरला आणि आम्ही जिना चढून वर गेलो. भाभींनी लोकर बघितली आणि एवढंच म्हणाल्या, "सोच लो."

"सोच लिया," आई म्हणाली.

भाभींनी फंदे घातले. छप्पन्न. मोत्यांची सर असावी तशी कड, एक टाका घट्ट नाही, एक सैल नाही. तो स्वेटर मग आईनेच विणला, भाभींनी फक्त बाह्या कशा उचलायच्या ते दाखवलं. उन्हात बसून विणताना आईकडे कुणी थेट बघत नसे. चाचींनी तर खाटच दुसऱ्या बाजूला वळवली होती. स्वेटर पुरा झाला, शिवून झाला, आणि मला तो जगातला सर्वांत सुंदर स्वेटर वाटला. अजून वाटतो.

भाऊ वेळेच्या बराच आधी झाला. वडील म्हणाले, हाताच्या पंजाएवढा आहे, काचेच्या पेटीत ठेवलाय. मुलांना आत सोडत नव्हते. घरी मी, वडील आणि डब्यातली पोळी-भाजी. तिसऱ्या दिवशी दुपारी वडील दवाखान्यातून आले, शर्टही न बदलता त्यांनी कपाट उघडलं आणि तो पिवळा स्वेटर काढला. "आईने सांगितलंय, हा उसवून टाका म्हणून," ते म्हणाले.

वडिलांना रिवाजातलं काहीच माहीत नव्हतं. बायकांच्या उन्हातल्या गोष्टी घरात त्यांच्यापर्यंत पोचत नसत. त्यांचा सरळ समज असा झाला की बाळ फार लहान आहे, हा स्वेटर मोठा होणार, म्हणून उसवून लहान करायचा. ते खुर्ची ओढून बसले आणि इन्स्पेक्शनच्या माणसाला शोभेल असा विचार केला. वीण जिथून सुरू झाली तिथूनच सुटणार. म्हणून त्यांनी खालची कड धरली. भाभींनी घातलेली.

ती सुटेना. त्यांनी नखाने ओढून बघितलं, सेफ्टी पिन घातली, मग स्वतःच्या कंपासपेटीतला कर्कटक घेतला. अर्धा तास झाला. एक टाका सुटला की दुसरा त्याच्यावर आवळून बसायचा. कात्री लावणं त्यांच्या मनातही आलं नाही, लोकर कापायची नसते एवढं त्यांनाही ठाऊक होतं. शेवटी उंदराने कुरतडल्यासारखी दिसणारी ती कड माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "वरच्या भाभींना विचारून ये, हे कसं उसवतात."

मी सात वर्षांची होते, पण त्या दुपारी सुया थांबल्या तेव्हा मी तिथे होते. मला सगळं कळत नव्हतं, आणि थोडं कळत होतं. मी "नको" म्हणायला हवं होतं. तरी मी गेले, हे मला आजही टोचतं.

भाभी मेथी निवडत होत्या. त्यांनी स्वेटर बघितला, कड बघितली. "किसने कहा उधेड़ने को?"

"मम्मी ने," मी म्हटलं.

त्या उठल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि खिडकीशी बसल्या. "यहाँ से नहीं खुलता, बेटा. ऊपर से खुलता है." त्यांनी आधी शिवण सोडवली, मग गळ्यापाशी शेवटचं टोक शोधून काढलं आणि हलकेच ओढलं. आईने पावणेदोन महिने विणलेलं भराभर सुटत आलं. ओढलेली लोकर त्या चार बोटांवर गुंडाळत होत्या, मधून मधून दिशा बदलत, घाई न करता. मी त्यांच्याकडे बघायला धजत नव्हते, म्हणून हातांकडे बघत होते. उसवतानाही ते हात तितकेच नेटके होते. शेवटी खालची ती एक ओळ उरली. वडिलांनी आवळून ठेवलेल्या गाठी त्यांनी एकेक करून सोडवल्या आणि मग छप्पन्नही फंदे एकामागून एक निघून आले. गुंडा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "मम्मी को बोलना, ऊन धो लेना. सीधी हो जाएगी."

वडिलांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, लोकर धुवायला सांगितलंय.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ दूध ओढू लागला. हे असंच घडलं, आणि मला ते मुळीच आवडत नाही, पण घडलं ते घडलं. महिन्याभराने आई त्याला घेऊन घरी आली. सगळा ब्लॉक बघायला आला. चाचींनी झबलं आणलं आणि आईच्या कानाशी काहीतरी बोलल्या. वरच्या भाभी तेवढ्या आल्या नाहीत.

आईने कपाट आवरताना तो गुंडा बघितला. हातात घेतला आणि दाबून पाहिला. भाभींचा गुंडा मऊ असे, लोकर ताणलेली नसे. तो दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता.

"हा कुणी गुंडाळला?" तिने वडिलांना विचारलं.

"वरच्या भाभींनी. मला जमेना, म्हणून हिला पाठवलं वर."

"त्यांच्याकडून उसवून घेतलात?"

"मग कुणाकडून घेणार? त्यांच्याइतकं कुणाला येतं?" वडील म्हणाले. त्यांची खरंच काही चूक नव्हती.

आई पलंगावर बसली. मग बाळाला दुपट्यात गुंडाळून तिने उचललं. अजून सव्वा महिना झालेला नव्हता, उंबरा ओलांडायचा नव्हता, वडील "अगं, अगं" करत राहिले. तिने गुंडा माझ्या हातात दिला आणि जिना चढली.

भाभींनी दार उघडलं आणि बाळ बघून दोन पावलं मागे सरकल्या. आईचं हिंदी एरवीही तोडकंमोडकं, त्या दिवशी तर पार कोलमडलं. "मैंने बोला था उधेड़ने को," ती म्हणाली. "इन्होंने नहीं, मैंने. मैं डर गई थी, भाभी."

"मालूम है," भाभी म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "डर तो मुझे भी लगता था. जिस दिन फंदे डाले, उसी दिन से. बिटिया उधड़वाने लाई तो मुझे चैन पड़ा. सोचा, अब बच जाएगा."

आई रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. ती पुढे झाली आणि भाभींना मागे सरकायला जागा नव्हती, मागे भिंत होती. तिने बाळ त्यांच्या हातांत दिलं. द्यायला काय, जवळजवळ ढकललंच. भाभींनी ते धरलं नसतं तर पडलं असतं, म्हणून त्यांनी धरलं.

"अब घर आ गया है," आई म्हणाली. "अब डालो."

"नहीं."

"मैं नहीं जाऊँगी फिर." आणि माझी आई, ओली बाळंतीण, त्यांच्या खोलीत खाली फरशीवर बसली.

भाभी भिंतीला टेकून उभ्या होत्या, बाळ त्यांच्या खांद्यावर झोपलं होतं. मग त्याही खाली बसल्या. बाळाला मांडीवर पालथं घेतलं, पाठीवर एक वीत ठेवली, वाढीसाठी आणखी दोन बोटं ठेवली. "चौंसठ," त्या म्हणाल्या. कोनाड्याकडे हात करून मला म्हणाल्या, सलाई दे. मी सुया दिल्या, गुंडाही दिला.

आठ-दहा फंदे घालून त्या थांबल्या आणि सगळे काढून टाकले. पुन्हा घातले, पुन्हा काढले. मोजणी चुकत होती. त्यांची मोजणी चुकताना मी पहिल्यांदा पाहत होते. तिसऱ्यांदा हात थांबला तेव्हा आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि स्वतः मोठ्याने मोजायला लागली. एक, दोन, तीन. मराठीतच मोजत होती, हिंदीतले आकडे तिला पुढे पुढे येत नसत. भाभी मान खाली घालून तिच्या प्रत्येक आकड्याला एक फंदा सुईवर चढवत होत्या. चौसष्टला आई थांबली, आणि त्याही थांबल्या.