पोत्याची खोळ

पावसात शेतातलं तण भांगलायला जाताना आई रिकाम्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसायची आणि ते डोक्यावरून पाठीवर सोडायची. त्याला आम्ही खोळ म्हणतो. मुरगूडजवळच्या शाळेत, आठवीत असताना, मी निबंधात लिहिलं, 'खोळीत आई वाकली की तिचं तोंड दिसत नाही, नुसता खोकला ऐकू येतो.' मराठीच्या मास्तरनं ते वाक्य माझा आवाज काढून वर्गात वाचलं, त्यावर तांबडी रेघ मारली आणि म्हणाला, "खोळ हा गावंढळ शब्द आहे. आवरण लिही." वर्ग हसला. माझी जिवलग मैत्रीणही हसली. तेव्हापासून मी त्याच्यावर डूख धरून आहे. पुढे कुठल्याच निबंधात मी आईला आणलं नाही.

आता मी शिवाजी पेठेतल्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर पुस्तकं जुळवते. गेल्या वर्षी मालकांनी माझ्या टेबलावर एक बाड आदळलं. "सरांचं हाय. जरा नीट बघ की." पुस्तक जुन्या शब्दांवरचं आणि लेखक तोच मास्तर. खोळीवर तर आख्खं प्रकरण होतं. उशीची खोळ, जुन्या ओव्यांमध्ये देहाला म्हटलेली खोळ, जीव ती टाकून कसा जातो वगैरे. चांगलं लिहिलं होतं, हे कबूल करायला जिवावर येतं. आणि शेवटी, शेताच्या बांधावरून जाताना स्वतःला सुचल्यासारखं, माझं वाक्य. खोकल्यासकट.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आधी वाटलं, पुस्तकभर खोळ काढून आवरण घालावं. दोन बटणांचं काम. पण मग आईचाच शब्द पुन्हा खोडल्यासारखं झालं असतं. म्हणून मी त्या वाक्याला अवतरणचिन्हं घातली आणि खाली त्याच्याच थाटात लिहिलं, 'हे वाक्य माझ्या एका विद्यार्थिनीचं. मी ते वर्गात चेष्टा करून खोडलं होतं.' मास्तरनं प्रुफं न वाचता सही केली. मला खात्रीच होती. आमच्या वह्या तरी त्यानं कधी पुऱ्या वाचल्या होत्या?

प्रकाशनाला मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. चार लोकांत त्याची मान खाली जावी, एवढंच मला हवं होतं. त्यानं नेमकं तेच प्रकरण वाचायला घेतलं. त्या ओळीपाशी थबकला, चष्मा काढून पुसला. मला आतून गुदगुल्या होत होत्या. मग त्यानं ती ओळ सावकाश, कापऱ्या आवाजात वाचली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "केवढं मोठं मन हाय बघा." मास्तर हात जोडून उभा होता.

दुसऱ्या आवृत्तीत ती ओळ मलपृष्ठावर घ्यायला त्यानं सांगितलंय. ती विद्यार्थिनी कोण, हे मात्र त्यानं अजून कुणाला विचारलेलं नाही. मलपृष्ठ मीच जुळवतेय, आणि या खेपेला त्या ओळीत आईचं आणि माझं पूर्ण नाव आहे.