मडगार्डवरची दोन वाक्ये

१८ नोव्हेंबर, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. माझ्या वहीत या वेळेपुढे दोन आकडे आहेत. एकटा चालक : ३९.२ अंश. चालक आणि मागे एक माणूस : २५.६ अंश. पुढचे सारे भांडण या दोन आकड्यांमधल्या अंतराचे आहे.

हैदराबादच्या उत्तरेला, जिथे वस्ती विरळ होऊन काळे खडक सुरू होतात, तिथल्या एका कारखान्याच्या चाचणी विभागात मी तेव्हा परिवीक्षेवर होते. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन अशा ठिकाणी आलेली मी एकटीच. कारखाना एटीव्ही बनवतो : मोटरसायकलसारखे हँडल, तसेच पाय टाकून बसायचे, पण खाली चार जाड चाके, आणि रस्ता नसेल तिथे जाण्यासाठी जन्मलेली. आमच्या विभागातले सर्वांत जुने तंत्रज्ञ तिला ‘चार पय्यों की फटफटी’ म्हणत. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणत असू. गाड्या घेणारे बहुतेक बागायतदार आणि शहराबाहेरचे रिसॉर्टवाले.

नोव्हेंबरात आमच्याकडे पुढच्या वर्षाची मॉडेले बाहेर पडत. कॅलेंडर बदलायच्या आधी गाड्यांचे साल बदलते, आणि त्या वर्षी पाच मॉडेले ‘संपूर्ण नवी’ म्हणून जाहीर व्हायची होती. नवे काय, याची मी सवयीने यादी केली. चार मॉडेलांत रंग, दिव्याची काच आणि टाकीवरची चित्रे बदलली होती. इंजिन, सांगाडा, ब्रेक तेच. खरा बदल एकाच गाडीत होता, सर्वांत लहान आणि सर्वांत स्वस्त अशा शेतकी मॉडेलमध्ये. तिच्या मागच्या कॅरिअरवर एक गादी आली होती. कागदोपत्री ती सामानाला खरचटू नये म्हणून होती. पण ती काळ्या रेग्झिनची होती, तिला शिवण होती आणि मागे टेकायला चार बोटांची कड होती. त्या गादीवर फळांचे क्रेट ठेवले जातील असे मानायला फार मोठी श्रद्धा लागते.

ती श्रद्धा माझ्याकडे नव्हती, म्हणून मी चाचांना दुसरे वाळूचे पोते मागितले.

चाचणी साधी आहे. एका टोकाला बिजागरी असलेला पोलादी फलाट जॅकने हळूहळू उचलायचा. त्यावर गाडी चढणीला तोंड करून उभी, सैल साखळीने बांधलेली. सीटवर माणसाच्या वजनाचे पोते. पुढच्या टायरखाली कागदाची पट्टी, आणि पट्टीचे टोक चाचांच्या चिमटीत. पट्टी अलगद निघून आली की पुढची चाके जमीन सोडत आहेत. त्यापुढे गाडी चालकाच्या अंगावर मागे येते.

“कागज निकल गया, बेटा. लिख लो.”

मी लिहिले. मग मागच्या गादीवर दुसरे पोते ठेवले. या वेळी फलाट मघाच्या उंचीच्या बराच खाली होता, तोच चाचांनी हात वर केला. त्यांना वाटले, चिमटीतून पट्टी निसटली. आम्ही पुन्हा केले. मग तिसऱ्यांदा. तिन्ही आकड्यांत अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता.

“ये गद्दी किसने लगाई?” चाचांनी विचारले.

“विक्री विभागाने.”

“हौ. तो फिर उनकोच बिठाव पीछे.”

गादी काढावी असा अहवाल मी त्याच दिवशी पाठवला. उत्तर आले : आराखडा कायम झाला आहे, सूचनेचा विचार पुढील वर्षाच्या मॉडेलसाठी केला जाईल. म्हणजे एका पूर्ण वर्षाच्या गाड्या गादीसह शेतावर जाणार होत्या. माझ्या हातात उरले ते एवढेच : मागच्या मडगार्डवरचे इशाऱ्याचे लेबल. या मॉडेलचा मोठा ग्राहक मराठवाडा आणि नाशिककडचा, म्हणून लेबल मराठीत होते. चाचणीचा निष्कर्ष आणि लेबलावरची भाषा जुळते, असे लिहून सही करण्याचे काम माझे होते, कारण विभागात मराठी वाचणारी मीच.

आलेला मजकूर असा होता : ‘वाहनावर सहप्रवाशास आरूढ करणे निषिद्ध. तसे केल्यास वाहनाचे संतुलन बाधित होण्याची शक्यता संभवते.’

मी इंग्रजी माध्यमात शिकले. मराठी मला आईने शिकवले. ती मराठी शाळेत शिक्षिका होती. चिक्कडपल्लीच्या आमच्या घरात माझे मराठी तेलुगू आणि उर्दूच्या गर्दीत वाढले. तेव्हा मजकूर मला पहिल्या वाचनात कळला नाही, याचा दोष मी आधी स्वतःला दिला. रात्रीच्या जेवणाला आईला वाचून दाखवला.

“शुद्ध आहे,” आई म्हणाली. “पण तू रस्त्यात बसखाली जायला लागलीस, तर मी ‘निषिद्ध’ म्हणून ओरडणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मी माझा मजकूर दिला : ‘डबलसीट बसू नका. गाडी उलटते.’

विक्रीप्रमुख पुण्याहून बदलून आलेले होते. लेबलाची मराठी त्यांनी जातीने तपासली होती. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावले, कागद दोन बोटांनी धरला.

“अगं, ‘डबलसीट’ हा मराठी शब्द आहे का?”

“पुण्यात सायकलवर दोघे बसले तर काय म्हणतात, सर?”

“बोलताना म्हणतात. छापत नाहीत.”

“गाडीवर बसणारा बोलण्यातलीच मराठी घेऊन बसतो.”

ते हसले. “तुम्हा हैदराबादवाल्यांचं मराठी म्हणजे वरणभातावर मिर्ची का सालन. घरात खा, पंगतीत वाढू नये. आणि हे ‘उलटते’ काय? नव्या गाडीवर आपणच लिहायचं, उलटते?”

“उलटते, सर. पंचवीस पूर्णांक सहा अंशांवर.”

“शक्यता संभवते, असं लिहिलंय की.”

“शक्यता असती तर मीही लिहिलं असतं. तिन्ही वेळा पुढची चाकं उचलली.”

त्यांनी मंजुरीचा तक्ता माझ्याकडे सरकवला. माझ्या सहीचा चौकोन रिकामा होता. माझ्या कायम होण्याचा आढावा पुढच्या आठवड्यात आहे, हे त्यांनी ओघात सांगितले, जणू हवामान सांगावे तसे. मी तक्ता उचलला, सही केली नाही आणि म्हणाले, “कोणाचं मराठी चांगलं, हा वाद आपण सोडवू शकणार नाही. कोणतं कळतं, हे मोजता येतं.”

“मोज,” ते म्हणाले. त्यांना वाटले असावे की मी आवेशात बोलते आहे.

बेगम बाजारात पहाटे नांदेड-हिंगोलीकडून हळदीच्या पोत्यांच्या गाड्या येतात. ते चालक आणि हमाल मराठी वाचतात, शेतावर राहतात, आणि मागे माणूस न बसवता त्यांच्यातला कोणी क्वचितच गाडी चालवत असेल. मला हवा तो वाचक हाच. सलग दोन सकाळी, सव्वासहा ते आठ, मी तिथे उभी राहिले. चोवीस जण, एक सोडून एक, कधी हे लेबल, कधी ते, म्हणजे प्रत्येक मजकुराला बारा. प्रश्न एकच : या गाडीवर मागे माणूस बसवला तर काय होईल? उत्तर जसे येईल तसे लिहायचे, मदत करायची नाही.

पहिले लेबल वाचून एकाने विचारले, “ताई, ही नवरदेवाच्या घोड्याची पाटी हाय का?”

“का हो?”

“आरूढ म्हणतंय न.”

दुसरा म्हणाला, निषिद्ध म्हणजे मांसमच्छी नेऊ नये. तिसऱ्याने बराच वेळ वाचले आणि कागद परत दिला. “सरकारी हाय. सही कुठं करायची?”

बारांपैकी चौघांना अर्थ लागला. माझे लेबल बारांपैकी अकरांना कळले. बारावा म्हणाला, “चष्मा गाडीत राहिला, माय,” आणि चष्मा आणायला गेला तो आलाच नाही. मी त्याला ‘नाही’च्या रकान्यात लिहिले. आपल्या बाजूचा आकडा सजवायचा नाही, एवढी शिस्त मला शिकवली गेली आहे.

जिंकल्याच्या तोऱ्यात मी परतत होते. बसमध्ये उत्तरे पुन्हा वाचली आणि मला माझीच चूक दिसली. माझे लेबल कळलेल्या अकरा जणांपैकी एकाच्याही तोंडात ‘उलटते’ नव्हते. “पलटी खाईल.” “पलटी होती न मग.” “मागं पलटी.” माझा शब्द त्यांनी वाचला आणि मनात भाषांतर करून घेतला. म्हणजे मीही एक पुस्तकी शब्दच त्या मडगार्डवर लावू पाहत होते; फक्त विक्रीप्रमुखांपेक्षा कमी अंतरावरून आणलेला. हा शब्द मला आईने दिला होता. चढणीवर, हातात थ्रॉटल असताना, भाषांतराला वेळ नसतो.

मी मजकूर बदलला : ‘डबलसीट बसू नका. गाडी पलटी होते.’

“हे तर आणखी खाली गेलं,” विक्रीप्रमुख म्हणाले. समोर माझा तक्ता होता, चोवीस उत्तरांसह. त्यांनी तो दोनदा वाचला. नवरदेवाच्या घोड्याशी थांबले, आणि त्यांच्या ओठाची एक बाजू हलली. “बरं, डबलसीट राहू दे. पण पलटी नको. ‘तोल जाऊ शकतो’ कर. सौम्य आहे, मराठी आहे, आणि खोटंही नाही.”

“खोटं आहे, सर. तोल माणसाचा जातो. गाडी पलटी होते.”

“तू एका शब्दासाठी स्वतःची नोकरी अडवते आहेस.”

“मी माझी सही अडवते आहे. तिच्याशिवाय छापायचं असेल तर चौकोनात ‘निष्कर्षाशी जुळत नाही’ असं लिहून देते. तारीख घालून.”

मी चौकोनात तसे लिहायला पेन उघडले, तेव्हा त्यांनी मंजुरीचा तक्ता ओढून घेतला. दोन दिवस तो त्यांच्या टेबलावर राहिला. गुणवत्ता विभाग माझ्या सहीशिवाय गाड्या सोडेना, आणि विक्रेत्यांचा मेळावा चार दिवसांवर आला होता. तिसऱ्या दिवशी तक्ता माझ्या टेबलावर होता, माझ्या मजकुरासह. त्यावर लाल पेनाने एकच शेरा : ‘सालन मंजूर.’ मी सही केली. त्याच आठवड्यात माझ्याबरोबर लागलेल्या तिघांना कायम झाल्याची पत्रे मिळाली. माझा आढावा तीन महिने पुढे गेला. कारण विचारायला मी गेले नाही. ते मला ठाऊक होते, आणि मी ते आधीच स्वीकारले होते.

लेबलाचा नमुना आला तेव्हा वाक्ये माझीच होती, पण मुंगीएवढी. वरच्या निम्म्या जागेत ठळक अक्षरांत छापले होते : ‘नवं वर्ष, नवी झेप!’ मी नमुना घेऊन पुन्हा केबिनमध्ये गेले.

“आता काय?” विक्रीप्रमुख म्हणाले. “ते वाक्य माझं आहे.”

“झेप आणि पलटी एकाच लेबलावर बरी दिसत नाही, सर.”

या वेळी ते मोकळेपणाने हसले. झेप टाकीवर गेली. छपाईवाल्याला मी लिहून दिले : अक्षरांची उंची सहा मिलिमीटर, कमी नाही. त्याने सहा दिली, पण वेलांटीच्या वरच्या टोकापासून मोजून. इंग्रजी अक्षर मापायच्या सवयीने त्याने देवनागरीचा तुरा धरून माप घेतले. शिरोरेघेखाली अक्षराच्या अंगाला चारच उरले होते. तो गठ्ठा मी परत पाठवला. या वेळी मजकुराशेजारी आकृती काढली : शिरोरेघ इथे, तळ इथे, माप यामधले.

मेळाव्याच्या सकाळी पाचही मॉडेले मांडवात ओळीने उभी होती, पुसून चकचकीत. लेबले आदल्या संध्याकाळी आली होती आणि घाईत चिकटवली गेली होती. मी व्हर्निअर कॅलिपर घेऊन लहान गाडीच्या मागे उकिडवी बसले. त्या काळ्या गादीला माझे डोके लागत होते.

“बेटा, मेहमान आ रे,” चाचा म्हणाले.

“आने दो, चाचा.”

माझ्यामागे बूट थांबले. विक्रीप्रमुखांचा आवाज वरून आला. “झालं समाधान?”

“मोजते आहे, सर.”

‘प’ची शिरोरेघ कॅलिपरच्या एका जबड्याला टेकवली, दुसरा तळाशी आणला, अंगठ्याने चाक अर्धा फेर मागे घेतले. मग गुडघ्यावर वही ठेवून लिहिले.

‘पलटी’, शिरोरेघेपासून तळापर्यंत : ६.१ मिलिमीटर.