हातातला पीळ

आफ्रिकेतल्या शांतिसेनेच्या फील्ड हॉस्पिटलमध्ये माझं पोस्टिंग झालं, तेव्हा मी कॅप्टन होते, आर्मीची नर्सिंग ऑफिसर. गाव खर्डा. आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे पाचटाच्या कोपीत राहायची सवय लहानपणापासूनची. तंबूतल्या उकाड्याची तक्रार मी कधी केली नाही. इतरांची मात्र रोज ऐकून घेतली.

ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर नाईक दत्तू राहात्याचा. चारचौघांत कडक सॅल्यूट आणि ‘जय हिंद, मॅडम’. गाडीत दोघेच असलो की गडी मोकळा सुटायचा.

“हितले पेरू खाल्ले का, मॅडम? आमच्या बागंत असले डुकरालाबी घालत न्हाईत.”

त्या दुपारी रेडिओवर निरोप आला. गस्तीची गाडी सुरुंगावर गेली होती, एक जवान गंभीर जखमी. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या कमरेची हाडं मोडून आत रक्तस्राव होत होता. अशा वेळी कंबर चादरीने करकचून आवळायची आणि ऑपरेशन टेबलापर्यंत ढिली पडू द्यायची नाही. आई उसाची मोळी आवळताना शेंड्याच्या हिरव्या वाढ्याला पीळ द्यायची, तसा मी चादरीला दिला आणि पीळ दोन्ही हातांत धरून बसले. रस्ता इतका खराब, की नुसत्या गाठीवर माझा भरवसा नव्हता.

परतताना झाडीतून फायरिंग सुरू झालं. पुढची काच फुटली, गाडीला हिसका बसला आणि ती पुन्हा सरळ झाली. मला मधल्या खिडकीतून दत्तूचा फक्त खांदा दिसत होता.

“दत्तू, लागलं का?”

“न्हाई. काच फुटली.”

“आवाज असा का येतोय?”

“धूळ गेली घशात. तुमी हात सोडू नका.”

रेडिओ खरखरला. “ॲम्ब्युलन्स, पोझिशन सांगा. ओव्हर.”

“येतोय. गेट उघडं ठेवा. ओव्हर.”

मी हात सोडला नाही. गाडी थेट ऑपरेशन थिएटरच्या दारात थांबली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज मी ऐकला. सर्जनने पीळ स्वतःच्या हातात घेतल्यावर मी पुढे धावले. दत्तू स्टीअरिंगवर कलंडला होता. गोळी काखेखालून, बुलेटप्रूफ जॅकेटच्या कडेने आत गेली होती. जवान वाचला. दत्तू वाचला नाही.

खोटं बोलल्याबद्दल मला त्याचा राग आला होता, अजूनही येतो. त्याने खरं सांगितलं असतं तरी मी पीळ सोडला नसता. हे त्यालाही ठाऊक होतं. माझ्यावर निवडायची वेळ येऊ नये, म्हणूनच तो ‘न्हाई’ म्हणाला.

आता मी नगरला असते, नर्सिंगच्या मुलींना शिकवते. कंबर आवळायला शिकवताना एकेकीला घाम फुटेपर्यंत पीळ धरायला लावते. दर हिवाळ्यात, पेरूच्या तोडणीला राहात्याला जाते. पहिल्यांदा गेले, तेव्हा दत्तूच्या आईने बाकी काही विचारलं नाही.

“पोरी, माझ्या दत्तूला लई दुखलं का गं?”

“मी विचारलं होतं, आई. न्हाई म्हणाला.”

म्हातारीने पेरूची पाटी पुढ्यात ओढली.

“लबाड,” ती म्हणाली. “लहानपनापासनं असंच सांगायचा.”

आणि पाटीतला सगळ्यात मोठा पेरू तिने माझ्या हातात ठेवला.