जावयाचे पाय

मावगनकाका आमच्या गल्लीतले सुतार. त्यांचं माप चुकत नाही असं सगळे म्हणायचे. सगळ्यांत जास्त ते स्वतः. वडिलांकडून आलेला लाकडी छर, म्हणजे फूटभराची मोजपट्टी, कायम कमरेला खोचलेला. शिंप्याचा छर सुताराच्या छराहून दोन बोटं लांब असतो, हे आमच्या गावात शेंबडं पोरही जाणतं. तरी व्हायचं ते झालं.

त्यांच्या मुलीचं, आज्यूचं लग्न शिंपीण फँगबाईंच्या मुलाशी ठरलं. मुलगा ल्यांगत्साय लांब बंदरावर कामाला, थेट लग्नालाच येणार. पलंग मुलीच्या बापाने द्यायचा, म्हणून काकांनी विचारलं, "विहीणबाई, मुलगा किती उंच?"

"पाच छर, व्याहीबुवा. भरपूर!"

काकांनी मनात आपला छर लावला आणि घरी येऊन म्हणाले, "आज्यू, नवरा बुटका आहे गं. पण स्वभावाने बरा म्हणतात."

पलंग सुरेख झाला. वर छत, चारी बाजूंनी कोरीव फळ्या, पायथ्याला बदकांची जोडी. लांबी पाच छर आणि वर अर्धा. मुहूर्त पाहून तो सासरी मांडला. एकदा मांडला की मूल होईतो हलवायचा नाही. पलंग हलला की संसार हलतो.

लग्नाच्या दिवशी नवरदेव दारातून वाकून आत आला. काकांचा हात कमरेच्या छराकडे गेला.

तिसऱ्या दिवशी जोडपं माहेरी जेवायला आलं. जावयाची मान एका बाजूला वळलेली.

"बाबा, हे अंगाचं मुटकुळं करून झोपतात," आज्यू म्हणाली. "सासूबाई म्हणतात, व्याह्यांनी लाकूड वाचवलं."

काका तडक फँगबाईंकडे. "पाच छर म्हणालात ना?"

"पाचच आहे! मोजा!" बाईंनी गळ्यातली कापडाची पट्टी पुढे केली.

"सुताराशी बोलताना सुताराचा छर सांगावा!"

"शिंपिणीने सांगितलं तर शिंपिणीचा धरावा! एवढं तुम्हाला कळेल असं वाटलं."

आता पलंग हलवला तर मुलीच्या संसाराला धोका, तसाच ठेवला तर जावयाची मान जाणार, आणि मागे फळी जोडली तर सगळ्या गावाला जोड दिसणार. काकांनी विहिणीच्या अंगणात उकिडवं बसून मातीत मापं काढली. मग करवत घेऊन आत गेले. पलंग जागचा न हलवता पायथ्याची फळी कापली, बदकं मधोमध दुभंगली, आणि बाहेरून एक पेटी ठोकली. तिला गाव जावयाची खोली म्हणू लागलं. जावई रात्री पाय त्या खोलीत मुक्कामाला पाठवतो, अशी आमच्या चहाच्या दुकानातली माहिती.

चूक कुणाची, असं विचारलं की काका आजही सांगतात, "छर बरोबर होता. जावई जास्त निघाला."

मात्र हल्ली त्यांच्याकडे पलंग सांगायला गेलात की तोंडी माप ऐकून घेत नाहीत. आधी फळीवर आडवं व्हायला लावतात. परवा एकजण कपाट सांगायला गेला होता, त्यालाही.