शून्य ज्यूल

आढं आमच्या खांद्यावर होतं आणि मालक आत चहा पीत होता.

मुरबाडकडचं आमचं गाव. मालकाचं नवं घर उठत होतं. आढं म्हणजे छपराच्या मधोमध, सगळ्यात उंच बसतं ते लाकूड. सिद्धगडाखालच्या रानातला ऐन, ओला, जड. त्याखाली पाड्यावरची चार माणसं. पुढं मी, माझ्या मागं बा. वेठच ती. भटानं आढ्याला हळदकुंकू लावलेलं. आता मुहूर्तापर्यंत भुईला टेकवायचं नाय. टेकलं तर घराला अपशकुन. म्हणून आमी उभे. उन्हात.

मालकाचा पोरगा मुंबईला सायन्स शिकायचा. सुट्टीला मित्र घेऊन आलेला. जुन्या घराच्या ओट्यावर पाय हलवत म्हणाला, "सांग बघू, यांनी किती ज्यूल काम केलं?"

मित्र म्हणाला, "शून्य."

दोघं हसले. मग पोरगा मला म्हणाला, "ज्यूल म्हणजे कामाचं माप रे. ओझं वर चढलं तर काम. तुम्ही नुसते उभे. म्हणजे काहीच केलं नाहीत."

"मंग खांदा का दुखतो, धाकले मालक?"

"ते तुझं दुखणं. काम नव्हे."

बा मागून पुटपुटला, "गप ऱ्हा रे." तो खचत चालला होता. लाकडातून मला कळत होतं.

मी म्हटलं, "टेकवा."

कोणी हलेना. मग मागून बाच वाकला. आमी सगळेच वाकलो. आढं भुईवर. हळदकुंकू मातीत.

मालक कपबशी घेऊन धावत आला. "उचला रे भडव्यांनो."

"मुहूर्त लागला, मालक," मी म्हटलं. बाला धरून घरी नेलं.

मी दुसरीपर्यंत शिकलेला. पण ते शून्य डोक्यातून जाईना. शहापूरला एका मास्तराला गाठलं. त्यानं हातात पेरू दिला. "हा कमरेपासून डोक्यावर उचल. झाला साधारण एक ज्यूल. आता नुसता धरून उभा राहा. पेरूवर काम शून्य."

म्हणजे पोरगा खरं बोलला होता. मी निघालो.

"थांब," मास्तर म्हणाला. "उभं राहण्यात तुझी भाकर जळते, अंग तापतं. तेही ज्यूलमध्येच मोजतात."

हे पोरानं सांगितलं नव्हतं. आमच्या वाट्याला अर्धाच धडा.

मग मी पाड्यापाड्यानं फिरलो. त्या घराला खांदा द्यायचा नाय. कोणी दिला नाय. पावसाळा आला. उघड्या भिंती बसल्या. आढं चिखलात पडून चिरलं. मी रोज वाट वाकडी करून बघायला जायचो. बा म्हणायचा, "सोड रे आता." नाय सोडलं.

तो पोरगा आता माझ्यासारखाच म्हातारा. बाजारात दिसला की आधी हात जोडतो. मी हात हलवत नाय. मोजू दे त्याला. शून्य. मरेपर्यंत शून्यच.