लेडीज शोची किल्ली

मला आमच्या टॉकीजची किळस येते. एकतीस वर्षं मी तिथं बुकिंगच्या खिडकीत बसतोय, तेव्हा हे बोलायचा मला हक्क आहे. जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात माव्याच्या पिचकाऱ्या, खुर्च्यांच्या फाटक्या पोटातून लोंबणारा काथ्या आणि पुरुषांच्या मुतारीचा तो वास, जो मध्यंतरात समोशाबरोबर गिळावा लागतो. आणि असल्या जागेला ‘कोल्हापूरचं वैभव’ म्हणत मोबाईल उंचावून फिरणारी माणसं आली, की मला त्यांचीही किळस येते. त्यातल्या एकानंही दहा वर्षांत तिकीट काढलेलं नाही.

या घाणीत एकच माणूस स्वच्छ होतं, ते म्हणजे लालबी. शुक्रवारी बाराच्या लेडीज शोची ती डोअरकीपर. तिचा नवरा इथलाच ऑपरेटर. तो गेल्यावर थोरल्या मालकांनी तिच्या हातात बॅटरी दिली आणि दारात उभं केलं. टॉकीजच्या मागच्या बोळात तिचं दोन खोल्यांचं घर. लेडीज शोला एखादा टवाळ अंधारात घुसलाच, तर आधी त्याच्या तोंडावर उजेड पडायचा आणि मग लालबीची चप्पल. कुणाचं पोर रडायला लागलं की ती ते कडेवर घेऊन बाहेर फिरवायची, आईचा पिक्चर बुडू नये म्हणून. बावड्याच्या, मुडशिंगीच्या सासवा आपल्या सुनांना सोडायच्या त्या तिच्या भरवशावर.

पुढं बायका कमी होत गेल्या. आताचे मालक अमरसिंह, थोरल्यांचे नातू, म्हणाले, सगळ्या मोबाईलवर बघतात.

“मोबाईल न्हाय वो मालक, संडास,” लालबी म्हणाली. “बायकांच्या संडासात एकदा जाऊन बघा. नळाला पानी न्हाय, दाराला कडी न्हाय. तीन तास बाई बसंल कशी?”

अमरसिंहांनी नुसत्या बोलण्यानंच नाकाला रुमाल लावला. मी फिदीफिदी हसलो. शेवटी ते म्हणाले, “एका शुक्रवारी शंभर बायका आणून दाखव. मग शो चालू ठेवतो. न्हायतर बंद.” शो बंद म्हणजे लालबीही बंद, हे सांगायची गरज नव्हती.

पंधरा दिवस लालबी त्या संडासाशी झुंजली. तोंडाला पदर बांधून, अ‍ॅसिड ओतून तिनं वर्षानुवर्षांची घाण खरवडून काढली. भाच्याला बोलावून कडी बसवून घेतली. घरून बादल्या वाहून पिंप भरलं. मग गावोगाव दारात जाऊन सांगत सुटली, “संडास चकचकीत केलाय गं, या आता.” पिक्चर कुठला, हे तिनं कुणाला सांगितलंच नाही.

नेमका त्याच शुक्रवारी अमरसिंहांनी टॉकीजच्या पंचाहत्तरीचा सोहळा ठेवला. बाहेरच्या हॉलमध्ये स्टेज, हार, जुन्या फोटोंचं प्रदर्शन. आदल्या संध्याकाळी हॉलमधल्या मोडक्या खुर्च्या, रिकाम्या बाटल्यांचे क्रेट, कुजलेले पडदे, सगळं पाहुण्यांना दिसू नये म्हणून बायकांच्या संडासात कोंबलं. लालबी तेव्हा मुडशिंगीला गेलेली. कुलूप लावून मालकांनी किल्ली माझ्या हातात दिली.

“पावणं जाईपर्यंत उघडायचं न्हाय, शिवाप्पा.”

मी मान डोलावली. लालबीला सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून, अशी मी माझी समजूत घालतो. खरं म्हणजे मी भित्रा आहे.

शुक्रवारी पावणेबाराला ती एकशेबारा बायका घेऊन आली. घामानं निथळत होती, पण तोंडावर हसू मावत नव्हतं. टॉकीजच्या पाट्या मीच लिहितो, माझ्या अक्षराचं सगळ्या पेठेत कौतुक. लालबीला वाचता येत नाही. ती म्हणाली, “शिवाप्पा, संडास साफ हाय, असं बी लिही की पाटीवर.”

आणि मी लिहिलं. ‘महिलांसाठी स्वच्छ सोय.’ किल्ली खिशात असताना लिहिलं.

मध्यंतर झालं. संडासाला कुलूप बघून लालबी खिडकीशी आली. मागं मुडशिंगीची तानाबाई, साखरेचा आजार असलेली म्हातारी, भिंत धरून डोळे मिटून उभी होती.

“किल्ली दे.”

“मालकांना विचारतो.”

“विचार की.”

मालक दहा पावलांवर स्टेजवर होते. मी जागचा हललो नाही. माझा हात मात्र आपोआप खिशावर गेला. लालबीनं तो हात बघितला. मागं वळून तिनं एवढंच म्हटलं, “चला गं, माझ्या घराकडं.”

तानाबाईला हाताला धरून ती पुढं निघाली. मागं शंभरावर बायका, पदर सावरत, खाली बघत, स्टेजसमोरून ओळीनं बाहेर पडल्या. अमरसिंहांनी माईक ओढला. “बघा पावणं! आज बी आमच्या टॉकीजला बायकांची अशी रांग लागती!” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्यानं रांगेचे फोटो काढले. मला किळस आली, ती त्यांची की माझी, ते मला अजून कळलेलं नाही.

लालबीच्या घरात मोरी एकच. दीड तास बोळात रांग होती आणि इकडं रिकाम्या खुर्च्यांपुढं पिक्चर संपला. बायका तिथूनच आपापल्या गावी गेल्या.

सोमवारी मालक म्हणाले, “बायका अर्ध्यातनं उठून गेल्या, बघितलंस न्हवं? पाटी लिही.” मी लिहिली. नेहमीसारखी सुबक, एकही ओळ वाकडी नाही.

दुपारी लालबी बॅटरी परत द्यायला आली. पाटीपुढं थांबली.

“वाच की.”

मी वाचलं, “महिला प्रेक्षकांच्या अल्प प्रतिसादामुळे लेडीज शो बंद करण्यात येत आहे.”

तिनं बॅटरी खिडकीत ठेवली. पाटीकडं पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

“अक्षर चांगलं हाय की तुझं,” म्हणाली, आणि गेली.